सिस्टरबाईंना विचारा : मनात माया नसताना सेवा करावी का?

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. आम्ही साक्री तालुक्यातले. थोडी बागायत, बाकी कोरडवाहू, विहीर सामाईक. सासरे गेल्यावर पाण्याच्या पाळीवरून मोठ्या जाऊबाईंशी बिनसलं ते बिनसलंच. त्यांनी वाटणीचा दावा लावला, तो अजून धुळ्याला चालू आहे. भर गल्लीत त्या मला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. पोळ्याच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. जेठ हयात नाहीत. मुलगा सुरतला लूमवर असतो. मुलगी शहाद्याला दिलेली, ती आठवड्यातून एकदा येऊन जाते. पाळकसाहेब म्हणतात, वैऱ्यावरही प्रीती करायची असते. मी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. माझ्या मनात त्यांच्याविषयी काडीची माया नाही. मनात नसताना सेवा केली तर ते ढोंगच ना? देवाला असलं खोटं चालतं का?
— एक भगिनी, साक्री तालुका

उत्तर : ताई, उंबऱ्यापर्यंत गेलात ना, मग निम्मी वाट झाली. उरलेली निम्मी अवघड आहे, मान्य.

मी उभं आयुष्य वॉर्डात काढलं. आधी मिशनच्या दवाखान्यात, नंतर सरकारी. रात्रपाळीला एखाद्या म्हाताऱ्याचं ओलं अंथरूण बदलताना माझं मन प्रीतीनं भरून यायचं असं मी इथं लिहिलं, तर ते मात्र खरं ढोंग होईल. मनात काय असायचं? सकाळची एसटी मिळेल का, धाकट्याच्या डब्याचं कोण बघेल, आणि हा बाबा तासाभरात पुन्हा हाक मारणार. म्हाताऱ्याला चादर मात्र कोरडी मिळायची. ती कुठल्या मनानं घातली हे त्याच्या पाठीला कळत नव्हतं.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणून बायबलातल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायातली चौथी आणि पाचवी वचनं काढून वाचा. वैऱ्याचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसलं तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवायचं. जो आपला द्वेष करतो त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तोंड फिरवून जायचं नाही, त्याला उठवायला हात लावायचा. बस, एवढंच. आधी मन साफ कर, मग बैलाला हात लाव, असं तिथं कुठंही नाही. शास्त्राला ठाऊक आहे की वैर आहे. 'वैऱ्याचा' असं उघड म्हटलंय. वैर असतानाच बैल दावणीला पोचला पाहिजे.

आणि ढोंगाचं म्हणाल, तर प्रभू येशूनं ढोंगी कुणाला म्हटलं ते मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांनी बघावं म्हणून दानधर्म करणारे, चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणारे. मनात नसताना, कुणी बघत नसताना, नाक दाबून का होईना पण दुसऱ्याची घाण काढणारी बाई त्या यादीत नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूला तरी कुठं हौस होती? हा प्याला टळला तर बरं, असं त्यानं स्पष्ट म्हटलं, आणि मग उठून गेला. आपण मात्र आधी हौस यायची वाट बघत बसतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की डोळ्यांसमोरच्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता यायची नाही. योहान खानदेशात राहिला असता तर त्यानं भावाच्या जोडीला जाऊही घातली असती, असं मला नेहमी वाटतं. दूरच्या गरिबासाठी डोळे पुसणं सोपं असतं. सामाईक विहीर असलेल्या माणसाचं तसं नसतं.

आता करायचं काय ते सांगते, कारण 'सेवा करा' म्हणून मी थांबले तर याकोब मलाच धरील. उघड्या-उपाशी माणसाला 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, हे त्यानं आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगलंच झोडपलंय. लकव्याच्या माणसाकडे लोक येतात, केळी ठेवतात, 'देवाची मर्जी' म्हणतात आणि चहा घेऊन जातात. तुम्ही त्यांना कुशीवर वळवा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की महिनोन्‌महिने जात नाहीत. चादरीला सुरकुती ठेवू नका. आडवं ठेवून काही भरवू नका. पाठीला लोड देऊन बसवा आणि पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज आधी देऊन बघा. खाताना ठसका लागत असेल तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना सांगा, नाहीतर अन्न फुफ्फुसात जातं. गेलेल्या हाताला धरून ओढून उठवू नका, खांदा निखळतो. गावात 'कबुतराचं रक्त चोळा' सांगणारा कुणीतरी असतोच, त्याला चहा पाजून वाटेला लावा. हातापायाचे व्यायाम मात्र पहिल्याच महिन्यापासून हवेत, तेव्हाच सर्वांत जास्त परत मिळतं. ते कसे करायचे हे सिव्हिलमधल्या फिजिओथेरपीवाल्यांकडून मुलीला आणि तुम्हाला एकदा शिकून घेता येईल.

त्यांनी 'काबर उनी तू?' (का आलीस तू?) म्हणून तोंड फिरवलं तर? फिरवतील, तयारीनं जा. माझ्या वॉर्डात एक बाई होती, ती माझ्या हातचं पाणी घेत नसे. मी ख्रिस्ती हे तिला कळलं होतं. मी तांब्या तिच्या हाताला लागेल असा ठेवायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. पाणी ती प्यायची. माझ्या हातून प्याली की तांब्यातून, या वादात मी कधी पडले नाही.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. दावा चालू असताना तुम्ही त्या घरात शिरताय. गल्ली म्हणणार, 'जमिनीवर डोळा आहे.' म्हणून आधी सुरतच्या पुतण्याला फोन करा, शहाद्याच्या मुलीला विचारा, आणि पहिल्यांदा जाल ते तिच्यासोबत जा. त्या खाटेजवळ विहिरीचा, वाटणीचा, वकिलाचा शब्द काढायचा नाही. आजारी बाईचा अंगठा कसल्याही कागदावर घ्यायचा नाही, अगदी त्या स्वतः 'आण' म्हणाल्या तरी. दावा मागे घ्या असंही मी म्हणत नाही. कोर्टातलं कोर्टात चालू द्या. तुमचं पाणी तुमच्या हक्काचं असेल तर ते सोडून देणं म्हणजे प्रीती, असं मला शास्त्रात कुठं दिसलेलं नाही.

सगळं एकटीनं अंगावरही घेऊ नका. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोनीनं, म्हणजे यहूद्यांच्या वैरी जमातीतल्या माणसानं, लुटारूंनी वाटेत टाकलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, रात्रभर त्याची काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देऊन तो आपल्या कामाला गेला. दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची दिवसाची मजुरी. दोन दिवसांचा रोज दिला, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि निघाला. आपला धंदा त्यानं बुडवला नाही. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तीन-चार बायकांची पाळी लावा. तुमची पाळी सकाळची असली तर दुपारी कापूस वेचायला जायला तुम्ही मोकळ्या.

माया येईल का? मला येताना दिसलीय, न येतानाही दिसलीय. कूस दोन्ही वेळा बदलावी लागते.

प्रश्न : आम्ही नवापूर भागातल्या मंडळीचे तरुण. रविवारी उपासना झाल्यावर नंदुरबारच्या सिव्हिलमध्ये पेशंटसोबत आलेल्या लोकांना खिचडी वाटतो. आमच्यातले एक वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, प्रत्येक पाकिटात सुवार्तेचं पत्रक घाला, नाहीतर समाजसेवेत आणि ख्रिस्ती सेवेत फरक काय राहिला? बाहेरचे काहीजण उलट म्हणतात की हे लोक धर्म बदलायला आलेत. आम्ही मधल्यामध्ये अडकलोय.
— तरुण संघ, नवापूर तालुका

उत्तर : पत्रक घालू नका.

ज्याची बायको आत अतिदक्षता विभागात आहे आणि ज्यानं सकाळपासून नुसत्या चहावर काढलंय, त्याच्या हातात तुम्ही जे द्याल ते तो घेईल, वर मानही हलवील. त्याला नाही म्हणायची सोयच नसते. त्या मान हलवण्याला विश्वास समजणं हा त्याचा अपमान आहे आणि सुवार्तेचाही. मी ख्रिस्ती आहे आणि माझ्या विश्वासाची मला लाज नाही, तरी हे लिहितेय.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले. आभार मानायला परत आला एक, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूनं विचारलं, त्याला वाईट वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचं कुष्ठ परत आलं असं कुठं वाचलंय का? बरं केलं ते केलं. पाच हजारांना भाकरी मिळाल्या, त्यानंतर त्याचं बोलणं कठीण वाटून पुष्कळ जण सोडून गेले, ते योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. खाल्लेल्या भाकरीचे पैसे कुणी मागितले नाहीत.

त्या वडिलांना माझा सलाम सांगा आणि मत्तयचा पंचविसावा अध्याय त्यांच्यासोबत बसून वाचा. 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं' असं राजा म्हणतो, तेव्हा उजवीकडचे लोक गोंधळतात. 'प्रभू, तुला कधी दिलं?' त्यांना आठवतच नाही. त्यांनी पाकिटं मोजली नव्हती की त्यांवर नाव छापलं नव्हतं.

फरक काय, याचं एक उत्तर मात्र शत्रूनंच देऊन ठेवलंय. रोमचा सम्राट ज्युलियन, राज्य ३६१ ते ३६३, स्वतः ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे गेलेला. त्याला जुनी देवळं पुन्हा उभी करायची होती. गलतियातल्या आपल्या प्रमुख पुजाऱ्याला त्यानं पत्र लिहिलं आणि त्यात तक्रार केली की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही याची लाज वाटते. मग गावोगाव धर्मशाळा काढ असा हुकूम. त्याला खुपलं ते खिचडी वाटणं नव्हे, 'आमच्याही' लोकांना वाटणं. तुमच्या वडिलांना हे पत्र नक्की आवडेल, इतिहासाची आवड असेल तर जास्तच.

कुणी विचारलं, तुम्ही कोण, का येता, तर खरं सांगा. 'आम्ही ख्रिस्ती आहोत, प्रभू येशूमुळे येतो.' लपवाछपवी नको, ती पत्रकापेक्षा वाईट. पेत्र म्हणतो की तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. विचारणाऱ्याला, बरं का.

आक्षेप घेणाऱ्यांवर चिडू नका. दवाखान्याच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, ती खिशात ठेवा, आणि आक्षेप घेणाऱ्यांनाच पुढच्या रविवारी वाढायला बोलवा. आले तर उत्तम, पातेलं उचलायला माणसं लागतातच.

आता माझा आक्षेप, तोही ऐका. खिचडी कुणी मागितली होती? चांगलीच आहे, पण धडगाव-मोलगीकडून पेशंट घेऊन आलेल्या माणसाची पहिली अडचण दवाखाना समजत नाही ही असते. पावरी किंवा भिली बोलणारी म्हातारी केसपेपरच्या खिडकीवरून एक्स-रेला, तिथून औषधाच्या खिडकीवर, आणि तिथून परत, अशी दिवसभर फिरते. कुणाला विचारायचं ते कळत नाही, विचारलं तर उत्तर कळत नाही. तुमच्यात मावची बोलणारे आहेत, कोकणी बोलणारे असतील, भिली समजणारा एखादा सापडेल. दोघांनी नुसतं त्या खिडक्यांपाशी उभं राहायचं. आणखी एक. रात्रभर खाटेजवळ बसलेल्या बाईला 'मावशी, मी बसतो इथं, तुम्ही आंघोळ करून या' असं म्हणणारं कुणी नसतं. तिथं आपल्या मुलींना बसवा.

तुमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. पोरांना रक्त लागतं आणि ऐनवेळी बाप रक्तपेढीबाहेर हात जोडून उभा असतो. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, बाईला चार महिन्यांनी. तुमच्या संघाच्या रक्तगटांची यादी आणि फोन नंबर रक्तपेढीत देऊन ठेवा. आणि स्वतःचीही सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मुलगी बघायला जाताना पत्रिका विचारणारे आपल्यात नाहीत, पण हा कागद विचारायला हरकत नाही.

प्रश्न : भुसावळहून जळगावला कॉलेजला बाइकनं जातो. हायवेवर एक माणूस पडलेला होता, रक्त दिसत होतं. गर्दी होती, कुणी हात लावत नव्हतं. पोलिसांचं झंझट नको म्हणून मीही पुढे गेलो. रविवारी नेमका चांगल्या शोमरोनीवर संदेश झाला. तेव्हापासून बेचैन आहे.
— एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : बेटा, बेचैनी राहू दे थोडी, पण तिचं रडगाणं करू नकोस. पुढच्या वेळी काय करायचं ते पाठ कर. १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून जखमेवर दाबून धरायचं आणि सोडायचं नाही. पाणी पाजायचं नाही. मान आणि पाठ हलवायची नाही. चार जण मिळून हात-पाय धरून रिक्षात कोंबतात, त्यांना अडवायचं, भांडून अडवायचं.

पोलिसांचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या बाजूनं मार्गदर्शक नियम लागू केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, थांबून राहायचीही नाही. गंमत बघ, इंग्रजीत या कायद्याला नाव त्या शोमरोनीचंच पडलंय.

यरुशलेम ते यरीहो हा रस्ता साधारण २७ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात जवळपास हजार मीटर खाली उतरतो. ओसाड, वळणावळणाचा, लुटारूंचा. त्या जखमी माणसाला टाळून पुढे गेलेले याजक आणि लेवी (दोघंही मंदिराचे सेवक) दगडाच्या काळजाचे होते असं समजू नकोस. ते तुझ्याइतकेच घाबरले असतील. पण संदेशात सहसा सांगत नाहीत ते मी सांगते. लूकचा नववा अध्याय उघड. तिथं शोमरोन्यांच्या एका गावानं येशूला मुक्कामाला जागा नाकारलीय. शिष्य इतके भडकले की आकाशातून अग्नी पाडून गाव जाळू का, असं विचारतात. यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहूदी राज्यकर्ता आणि प्रमुख याजक योहान हुर्कानसानं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं होतं. एवढं सगळं असताना, जागा नाकारल्याला एक अध्याय होत नाही तोच, येशू गोष्ट सांगतो आणि तिच्यातला भला माणूस निवडतो तो नेमका शोमरोनी. तिघांपैकी खरा शेजारी कोण, असं विचारल्यावर ऐकणाऱ्या शास्त्र्याच्या तोंडून ते नाव निघत नाही. 'ज्यानं दया केली तो', एवढंच तो म्हणतो.

तेव्हा पडलेला कोण, कुठला, हेल्मेट घातलं होतं का, दारू प्यायला होता का, हे गर्दीला विचारू दे. तू कापड दाब.

प्रश्न : मंडळीच्या गरीब निधीचा हिशेब माझ्याकडे आहे. एक गृहस्थ दर रविवारी पोरांचं नाव सांगून पैसे नेतात आणि संध्याकाळी पिऊन पडतात. नाही म्हटलं की 'हीच का तुमची ख्रिस्ती प्रीती?' असं सगळ्यांसमोर विचारतात.
— खजिनदार, जळगाव जिल्हा

उत्तर : रोख बंद करा, आजपासून. प्रीतीनं मूर्ख व्हावं असं प्रभूनं सांगितलेलं नाही. एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, आणि तीन वचनांनंतर म्हणतो, प्रत्येकानं आपापला भार वाहावा. दोन्ही वाक्यं एकाच माणसानं लिहिलीत.

पोरांची फी शाळेत परस्पर भरा. किराणा दुकानदाराशी बोलून दर महिन्याला डाळ-तांदूळ आणि ज्वारी घरी पोचवायची व्यवस्था करा, बिल निधीतून. त्यांना स्वतःला सिव्हिलच्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत न्यायला मंडळीतला एखादा माणूस तयार करा, शक्यतो असा की जो स्वतः दारूतून बाहेर आलाय. पहिल्या खेपेला सुटली नाही तर नवल नाही, पुन्हा न्यायचं. दारू एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, भ्रम, झटका असं काही झालं तर घरी बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. त्यात जीव जातो.

सगळ्यांसमोर विचारतील तेव्हा सगळ्यांसमोरच सांगा, 'भाऊ, पैसे नाही देणार, जेवायला चला.' आणि खरंच घेऊन जा.

त्यांच्या बायकोला काय हवंय हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तुम्ही जाऊ नका, महिला संघातल्या दोघींना पाठवा, तेही दुपारी, ते घरी नसताना.